मागील परसात आडोसा हवा आहे: झाडे लावावीत, बांबू की वेल?

मागीलदार (बार्देश)

नमस्कार. आमचे घर म्हापशाजवळच्या एका गावात आहे. घर जुने, चिऱ्यांचे, कौलारू. मागे पडवी, पडवीपुढे तुळस, कपडे धुण्याचा दगड, दक्षिणेच्या कोपऱ्यात विहीर आणि उत्तरेकडे एक फणस. मागच्या गडग्यापलीकडे (दगडी कुंपणापलीकडे) आजवर माडांचे भाट (बाग) होते, त्यामुळे आडोशाचा विचार कधी करावाच लागला नाही. दोन वर्षांपूर्वी ते भाट विकले गेले आणि तिथे तळमजल्यावर आणखी दोन मजले असलेली इमारत उभी राहिली. तिच्या बाल्कन्या नेमक्या आमच्या परसावर उघडतात आणि बहुतेक सदनिका पर्यटकांना काही दिवसांच्या भाड्याने दिल्या जातात. येणारी माणसे वाईट आहेत असे माझे मुळीच म्हणणे नाही, परंतु दर आठवड्याला नवे चेहरे वर उभे असतात आणि त्यांच्याशी ओळख होण्याची शक्यताच नसते. माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या आहेत. दर उन्हाळ्यात पडवीच्या पायरीवर बसून त्या भिरंडे (कोकमाची फळे) फोडतात आणि सोले (आमसुले) वाळत घालतात. गेल्या वर्षी त्यांनी हे काम स्वयंपाकघरात बसून केले. कारण विचारले तेव्हा "वरून बघतात" एवढेच म्हणाल्या.

जागेची मापे अशी आहेत. पडवीच्या पायरीपासून मागच्या गडग्यापर्यंत ७ मीटर, गडग्यापासून इमारतीपर्यंत सुमारे ५ मीटर. परसाची रुंदी १४ मीटर, गडगा दीड मीटर उंच. माती जेमतेम हातभर खोल आहे आणि खाली कठीण जांभा लागतो. समुद्र सरळ रेषेत तीनेक किलोमीटर. मागची बाजू पश्चिमेची असल्यामुळे दुपारनंतरचे ऊन तिथे कडक लागते.

गडगा उंच करण्यासाठी पंचायतीची परवानगी लागते आणि त्या उंचीलाही मर्यादा असते. शिवाय वाढवून वाढवून तो दुसऱ्या मजल्याच्या नजरेपर्यंत काही पोहोचणार नाही. एका रोपवाटिकेत कोनोकार्पसची रांग लावण्याचा सल्ला मिळाला: "दोन वर्षांत भिंत तयार." दुसरीकडे आसुपालव सुचवला. बांबूची मला भीती वाटते, कारण तो विहिरीत मुळे घालील असे घरात सगळे म्हणतात. तर कोणती झाडे लावावीत, ती किती अंतरावर लावावीत, आणि ती वाढेपर्यंतच्या काळात काय करावे, याबद्दल अनुभव असणाऱ्यांनी कृपया लिहावे.

---

कुळागर (फोंडा)

आपण मापे दिलीत हे फार चांगले केले, कारण आडोशाच्या बाबतीत बहुतेक जण झाडाच्या नावापासून सुरुवात करतात आणि तिथेच चुकतात. रोपवाटिकेत जाण्याआधी आडोसा कुठे उभा करायचा हे ठरले पाहिजे, आणि ती जागा हद्दीवरच असली पाहिजे असे मुळीच नाही.

सासूबाई पायरीवर बसतात तेव्हा त्यांचे डोळे जमिनीपासून साधारण १.२ मीटर उंचीवर असतील असे धरू. पहिल्या मजल्याच्या बाल्कनीत उभ्या असलेल्या माणसाचे डोळे साडेचार मीटरवर आणि दुसऱ्या मजल्यावरच्याचे साडेसात मीटरवर येतील. त्या दोघांमधले आडवे अंतर आपल्या मापांप्रमाणे १२ मीटर आहे. आता दोन्ही डोळ्यांना जोडणारी दोरी ताणली आहे अशी कल्पना करा. ही दोरी गडग्यावरून जाते तेव्हा दुसऱ्या मजल्यासाठी तिची उंची जवळजवळ ४.९ मीटर, म्हणजे १६ फूट भरते. तीच दोरी पायरीपासून ३ मीटरवर मात्र फक्त २.८ मीटर, म्हणजे नऊ फुटांच्या आसपास असते. पहिल्या मजल्यासाठी तर गडग्यावर ३.१ मीटर लागतात आणि पायरीजवळ २ मीटरच पुरतात. रुंदीचेही तसेच आहे. इमारत १५ मीटर रुंद असेल, तर एका जागी बसलेल्या माणसाला तिच्यापासून झाकण्यासाठी गडग्यावर पावणेनऊ मीटरची रांग लागेल, आणि ३ मीटरवर पावणेचार मीटर पुरतील. त्यात उठण्या-बसण्यासाठी दोन्ही बाजूंना एकेक मीटर वाढवा.

याचा अर्थ असा की १६ फुटांची झाडांची भिंत वाढेपर्यंत आठ-दहा वर्षे थांबण्याऐवजी, बसण्याच्या जागेजवळ नऊ फुटांचा वेलमांडव एका पावसाळ्यात निम्मे काम करू शकतो. हद्दीवर झाडे जरूर लावा, परंतु ती पुढच्या पिढीचा आडोसा म्हणून लावा. घाई नसली की मग त्यांची निवडही शांतपणे करता येते.

गोव्यातील दुसरी गोष्ट ऋतूची आहे. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. जुलैमध्ये कोणतेही रान हिरवेगार दिसते, गडग्यावरचे गवतसुद्धा आडोसा देते. खरी परीक्षा डिसेंबर ते मे या काळात असते आणि आपल्या समोरच्या बाल्कन्याही नेमक्या त्याच काळात भरलेल्या असतात. म्हणून जे झाड कोरड्या दिवसांत पाने गाळते, ते कितीही झपाट्याने वाढत असले तरी आपल्या कामाचे नाही. गिरिपुष्प हे याचे ठळक उदाहरण आहे. फांदी खोचली की लागते, कुंपणाला स्वस्त पडते, परंतु जानेवारीनंतर पाने झडून फांद्यांवर फक्त गुलाबी फुले उरतात. दिसायला सुंदर, आडोशाला शून्य. चाफा आणि पांगारा यांचीही तीच कथा.

माड आणि माडी (सुपारीचे झाड) यांचा मोह होईल, पण त्यांची पाने वयाबरोबर वर वर जातात आणि दहा वर्षांनी नजरेच्या पातळीला नुसते खोड राहते. आसुपालव वाईट नाही. तो बारमाही हिरवा असतो आणि दीड मीटर अंतराने लावता येतो. मात्र तो खांबासारखा वाढत असल्यामुळे रांगेत बरीच झाडे लागतात आणि सावलीकडच्या बाजूच्या खालच्या फांद्या विरळ होतात. फळे पिकली की वटवाघळे येतात आणि सकाळी अंगणभर बिया पडलेल्या असतात.

माझी पहिली पसंती भिरंडीला, म्हणजे कोकमाच्या झाडाला आहे. आपल्याच परसातले, जांभ्यात रुजणारे, अर्धवट सावली सहन करणारे हे झाड शंकूसारखे वाढते, त्याच्या फांद्या खाली झुकतात आणि छाटले नाही तर ते जमिनीपासून शेंड्यापर्यंत भरलेले राहते. इथे एक बारकावा आहे. फळासाठी सगळे जण कलम घेतात आणि ते बरोबरच आहे, कारण बियांपासून केलेल्या रोपांतील साधारण निम्मी झाडे नर निघतात. परंतु बाजूच्या फांदीची काडी वापरून बांधलेले कलम उंच न जाता झुडपासारखे पसरते. आडोशासाठी उंची हवी असेल तर बियांचीच रोपे घ्या, नर निघाले तरी पाने तेवढीच देईल. रांगेत एखादे कलम मिसळले की सासूबाईंच्या सोलांचीही सोय होईल. वाढ मात्र सावकाश आहे, पहिली तीन वर्षे तर झाड जागचे हललेच नाही असे वाटते.

तितकीच सावकाश पण दाट होणारी दुसरी झाडे म्हणजे ओंवळ (बकुळ) आणि सुरंगी. ओंवळीची पानेही दाट आणि फुलेही घरची. सुरंगीचा वास मार्चच्या सुमारास सबंध वाड्याला पुरतो, मात्र तिला धीर लागतो.

---

माणगा (पेडणे)

बांबूबद्दलची भीती अर्धी खरी आणि अर्धी ऐकीव आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

बांबूचे दोन स्वभाव असतात. एक जमिनीखालून लांब धावणारा, ज्याचे कोंब शेजाऱ्याच्या अंगणातही निघतात. परदेशांतील बागांमधून त्याच्या तक्रारी येतात आणि इंटरनेटवर वाचून आपण त्या आपल्या बांबूला चिकटवतो. दुसरा बेट करून राहणारा. आपल्या कोकणात आणि गोव्यात वाढणारा माणगा हा या दुसऱ्या प्रकारातला आहे. त्याला काटे नसतात, काठी जवळजवळ भरीव असते, उंची साधारण तीस फुटांपर्यंत जाते आणि बेट दरवर्षी थोडे थोडेच रुंदावते. काटेरी कळक मात्र घराजवळ कधीही लावू नये, त्याचे बेट साफ करणे म्हणजे अंग ओरबाडून घेणे.

विहिरीचे म्हणाल तर बांबूची मुळे खोल जात नाहीत, वरच्या दीड-दोन फुटांत त्यांची दाट चटई तयार होते. म्हणून विहिरीच्या कठड्यापासून, सेप्टिक टाकीपासून आणि घराच्या पायापासून चार मीटर तरी अंतर ठेवा. त्याहून मोठा त्रास पानांचा होतो. कोरड्या दिवसांत पाने सतत गळतात, वाऱ्याने विहिरीत पडतात आणि पाण्याला वास येऊ लागतो, तेव्हा विहिरीवर जाळी असलेली बरी. पानांचा थर घराजवळ साचू देऊ नये. डोंगराकडच्या भागात चापडा हा विषारी साप बांबूच्या बेटात दडून बसतो, आणि हिरव्या पानांत हिरवा साप दिसतच नाही.

एक गोष्ट फारसे कोणी सांगत नाही. काठी तोडताना पेराच्या लगेच वर तोडावी. दोन पेरांच्या मध्ये तोडली आणि ती काठी पोकळ असली, तर उरलेल्या बुंध्याचा पेला होतो, पावसाचे पाणी त्यात साचते आणि डासांची पैदास सुरू होते. माणग्याची पोकळी लहान असली तरी सवय तीच ठेवावी.

वाढीबद्दल खोटी आशा देत नाही. पहिल्या पावसाळ्यात बोटाएवढ्या काड्या येतात आणि दुसऱ्या वर्षीही फारसे वेगळे दिसत नाही. तिसऱ्या-चौथ्या पावसाळ्यात जमिनीतून जाड कोंब, म्हणजे आपली किल्लां, वर येतात आणि दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंची गाठतात. बांबूची काठी एकदा उंच झाली की पुन्हा जाड होत नाही, त्यामुळे पहिल्या वर्षांतल्या काड्या पुढे तोडूनच टाकायच्या असतात. तीन वर्षांहून जुन्या काठ्या दर हिवाळ्यात काढत गेले की बेट मोकळे राहते, आणि वेलमांडवाला खांबही घरचेच मिळतात.

आपल्या परसात माणग्याची सलग रांग लावू नये असे माझे मत आहे. विहिरीपासून दूर, एखाद्या कोपऱ्यात एक बेट पुरे. मधल्या जागेसाठी वर सुचवलेली भिरंड मलाही पसंत आहे.

---

सावली (मडगाव)

झाडांविषयी वर सगळे आले आहे, मी वेलांविषयी लिहिते, कारण त्यात मी स्वतः पैसे आणि पाच वर्षे घालवली आहेत.

सर्वप्रथम, गडग्याला चिकटणारी वेल लावू नका. आमच्याकडे बाग करून देणाऱ्याने चिऱ्याच्या कुंपणावर फायकसची बारीक पानांची भिंतवेल चढवली. दोन वर्षे ती चित्रासारखी दिसत होती. मग तिच्या फांद्या जाड होऊन भिंतीबाहेर आडव्या येऊ लागल्या, पावसाळ्यात तिच्याखाली चिरे कधी वाळेनात, सांध्यांमधला चुना सुटला आणि शेवटी वेल ओढून काढताना वरचा एक थर तिच्याबरोबर खाली आला. गिलावा नसलेला चिरा पाणी पितो आणि त्याला वाळायला वारा लागतो. म्हणून वेल भिंतीपासून वीतभर दूर, तारांवर किंवा जाळीवर चढवावी. समुद्र तीन किलोमीटरवर असेल तर साधी लोखंडी तार गंजून जाईल, थोडे जास्त पैसे देऊन स्टेनलेस स्टीलची घ्यावी.

मधुमालती सगळ्यांना आठवते, तशी मलाही आठवली होती. पांढऱ्याची गुलाबी आणि गुलाबीची लाल होणारी तिची फुले घोसाने लटकतात आणि संध्याकाळी त्यांचा वास येतो, हे सगळे खरे आहे. परंतु ती हलक्या मांडवाची वेल नाही. चार वर्षांत तिचे खोड मनगटाएवढे होते, भिजलेल्या पानांचा भार मांडव वाकवतो, मुळांपासून नवी धुमारे निघत राहतात आणि पाणी तुटले की नेमकी उन्हाळ्यात ती विरळ होते. पक्के लोखंडी खांब असतील तरच लावा.

नऊ फुटांच्या मांडवासाठी मी लसूण वेल सुचवीन. पाने बारमाही हिरवी, जाड आणि खालपासून भरलेली राहतात, वर्षातून एकदा-दोनदा जांभळ्या फुलांचा बहर येतो आणि पान चुरगळले तर खरोखरच लसणीचा वास सुटतो. पश्चिमेचे ऊन तिला मानवते. दोन रोपे दीड मीटर अंतराने लावली तर दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी मांडव झाकला जातो. कृष्णकमळ त्याहून वेगाने वाढते, मात्र चार-पाच वर्षांत थकते. शिवाय त्यावर फुलपाखरांच्या काटेरी अळ्या येतात आणि काही दिवस वेल पूर्ण बोडकी दिसते. ज्यांना फुलपाखरे हवी आहेत त्यांनी ते सहन करावे, मी करते. बोगनवेल उन्हात आणि कमी पाण्यात उत्तम फुलते. तिचे काटे मात्र कपडे वाळत घालण्याच्या जागेजवळ नकोत. मिरवेल सावलीची असल्यामुळे पश्चिमेच्या उन्हात तिची पाने करपतील. ती आपल्या फणसावर चढवा, पूर्वेच्या बाजूने.

पहिल्या पावसाळ्यात लसूण वेल लहान असेल, तोपर्यंत त्याच मांडवावर वालीची भाजी (मायाळू), दोडकी आणि चौधारी वाल सोडा. ऑगस्टपर्यंत हिरवा पडदा तयार होतो आणि चतुर्थीला भाजी विकत घ्यावी लागत नाही. दिवाळीनंतर हे वेल वाळू लागले की त्या जागी झावळ्यांची विणलेली झापे बांधावीत. जुन्या घरांच्या मातीच्या भिंतींना पावसाळ्यात हीच झापे लावत असत. हिरव्या प्लास्टिकच्या जाळीपेक्षा ती दिसायलाही बरी, आणि एक हंगाम सहज टिकतात.

जुन्या घराच्या गच्चीवरून किंवा सज्जावरून खाली सोडायची असेल तर कर्टन क्रीपर नावाची, पडद्यासारखी लोंबणारी वेल सगळीकडे मिळते. आपले घर कौलारू असल्यामुळे तिचा उपयोग नाही. उलट, तोच पडदा समोरच्या इमारतीच्या मालकांनी आपल्या बाल्कन्यांच्या कठड्यावरून सोडला तर दोन्ही बाजूंचे काम होईल. एकदा विचारून पाहायला हरकत नाही. त्यांच्या भाडेकरूंनाही कोणाची तरी धुणी पाहत चहा प्यायला आवडत असेल असे मला वाटत नाही.

---

उंडी (काणकोण)

मी फक्त कोनोकार्पसपुरते लिहितो. ते लावू नये. ते झपाट्याने वाढते, दाट होते आणि खारे वारे सहन करते, म्हणूनच विकले जाते. परंतु त्याची मुळे पाण्याच्या शोधात नळ, गटारे आणि जमिनीखालच्या केबलपर्यंत पोहोचतात आणि त्याच्या परागकणांमुळे श्वसनाचे त्रास होत असल्याच्या तक्रारी आहेत. या कारणांसाठी गुजरात सरकारने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आपल्या परसात तर विहीर आहे. ऑस्ट्रेलियन अकेशियाबद्दलही तेच सांगेन. खाणींच्या मातीच्या ढिगाऱ्यांवर ते लावले गेले, तिथे ते ठीक आहे, पण घराजवळ त्याच्या फांद्या वाऱ्याने मोडतात.

वाऱ्याचा विषय निघालाच आहे तर एक आठवण करून देतो. १६ मे २०२१ रोजी 'तौक्ते' चक्रीवादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हा राज्यभर झाडे कोसळली आणि कित्येक गावांत दिवसेंदिवस वीज नव्हती. जांभ्यावरच्या हातभर मातीत उभे असलेले, वरून जड आणि खालून उथळ झाड अशा वाऱ्यात मुळासकट उलटते. म्हणून हद्दीवरची झाडे वीस फुटांवर शेंडा मारून आटोक्यात ठेवावीत आणि आडोसा इतका घट्ट करू नये की तो शिडासारखा वारा धरील. चार ठिकाणी वारा आरपार गेला तरी वरून दिसत काही नाही, हालणारी पाने नजर अडवायला पुरेशी असतात.

आणखी एक. जे झाड लावाल ते पुढे नको झाले तर मनाला येईल तेव्हा तोडता येणार नाही. गोवा, दमण आणि दीव वृक्ष संरक्षण अधिनियम, १९८४ खाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी लागते, झाड स्वतःच्या परसातले असले तरी. म्हणून विजेच्या तारांखाली आणि गडग्याला अगदी खेटून काही लावू नका, दीड-दोन मीटर आत या. फांद्या पलीकडे गेल्या तर पाने त्यांच्या आवारात पडतील आणि आडोशासाठी लावलेले झाड भांडणाला कारण होईल.

---

मागीलदार (बार्देश)

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचून लगेच लिहिण्याऐवजी आधी दोरीचा प्रयोग करून पाहिला, म्हणून आठवडा लागला.

एका लांब काठीला लाल फडके बांधले. सासूबाईंच्या जागी मी बसले आणि मुलाला काठी घेऊन परसभर फिरवले. प्रत्येक बाल्कनी कुठे झाकली जाते ते पाहून जमिनीवर चुन्याच्या खुणा केल्या. दोन गोष्टी ध्यानात आल्या, ज्या दोन वर्षे रोज पाहूनही ध्यानात आल्या नव्हत्या. एक म्हणजे उत्तरेकडच्या तीनही बाल्कन्या फणसाने आधीच झाकलेल्या आहेत, आम्ही उगीचच सबंध चौदा मीटरचा विचार करत होतो. दुसरे म्हणजे ३ मीटरवरची खूण बरोबर कपडे वाळत घालण्याच्या दोरीवर आली. म्हणजे तिथे खांब आधीच आहेत, फक्त उंच आणि पक्के करायचे आहेत. मोजून साडेपाच मीटर लांबी पुरते.

सासूबाईंना हे सगळे दाखवले. त्यांनी ऐकून घेतले आणि एकच अट घातली: विहिरीच्या बाजूला, जिथे शेजारची वृद्ध बाई वईवरून (कुंपणावरून) दही द्यायला आणि बोलायला येते, तिथे काहीही लावायचे नाही. "तिचे तोंड दिसले पाहिजे." त्यामुळे विहिरीपासून अंतर ठेवण्याचा प्रश्नही आपोआप सुटला.

ठरले ते असे. दोरीच्या जागी नऊ फुटांचा मांडव, त्यावर लसूण वेल आणि या पावसाळ्यापुरती वाली व दोडकी. गडग्यापासून दोन मीटर आत भिरंडीची तीन रोपे आणि एक कलम. माणग्याचे एक बेट विहिरीच्या विरुद्ध टोकाला, फणसाच्या पलीकडे. बाल्कन्यांवरून वेल सोडण्याविषयी इमारतीच्या व्यवस्थापकाशी बोलले. "विचारतो" म्हणाला, म्हणजे काय ते आपण सगळे जाणतो.

एक शंका उरली आहे. भिरंडीचे खड्डे खणायला सुरुवात केली तर हातभर मातीनंतर पहार टणकन वाजते. गडी म्हणतो, मशीन आणून चार फूट खोल फोडूया. तसे करावे का?

---

कुळागर (फोंडा)

चार फूट नको. कठीण जांभ्यात खोल आणि गुळगुळीत खड्डा खणला की ती टाकीच होते. पाऊस भरतो, पाणी खाली जायला वाट नसते आणि जुलैमध्ये रोप उभ्या उभ्या कुजते. लोकांना वाटते कीड लागली. दोन फूट लांब, तेवढाच रुंद आणि दीड-दोन फूट खोल खड्डा पुरे. मात्र तळाला आणि कडेला पहारीने भेगा पाडा, आणि उताराच्या बाजूने एक चर काढून पाणी बाहेर पडेल असे करा. खड्डा भरल्यावर मातीचा उंचवटा जमिनीपेक्षा वीतभर वर राहिला पाहिजे, कारण पावसाने तो बसतो. मातीत निम्मे शेणखत मिसळा. तळाला नारळाची सोडणे (वरची जाड साले), पोकळ बाजू वर करून, एका थरात पसरा. पावसाळ्यात ती पाणी पितात आणि जानेवारीत रोपाला देतात.

खड्डे आताच, मे महिन्यात, खणून उन्हात तापू द्या. मिरगाचे दोन-तीन पाऊस चांगले पडून जमिनीची वाफ निघाली की जूनच्या मध्यात लावा, पहिल्याच सरीला घाई करू नका. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा घागरभर पाणी आणि बुंध्याशी वाळलेल्या पानांचे आच्छादन द्या. पाने बुंध्याला चिकटू देऊ नका, वाळवी तिथूनच चढते. पश्चिमेचे ऊन लागते म्हणालात, तेव्हा भिरंडीच्या रोपांवर पहिल्या वर्षी झावळीची सावली करा, नाहीतर कोवळी लाल पालवी करपते.

आणि खालच्या फांद्या कोणालाही छाटू देऊ नका. माळ्याला झाडाचे खोड मोकळे दिसले की काम केल्यासारखे वाटते, पण आपल्याला या झाडाचे खोड दिसायलाच नको आहे.

---

मागीलदार (बार्देश)

मशीन रद्द केले. सोडणे घरात पुष्कळ आहेत, सासूबाईंनी ती कालच विहिरीजवळच्या कुंडात भिजत घातली. कलमाचे झाड कुठे लावायचे तेही त्यांनीच ठरवले आहे: पायरीवरून हात लांब केला की फळ दिसेल अशा जागी.